ड्रायसूटची चेन कुठे असावी? जागा आणि टिकाऊपणा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रायसूट (पाण्याखाली डुबकी मारताना अंग कोरडे ठेवणारा बंद पोशाख) विकत घेणारे, रोज वापरणारे आणि दुरुस्तीला आणणारे लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, त्याची ही उत्तरे. सोपे प्रश्न आधी आहेत, अपवाद शेवटी. कोणतेही उत्तर सुटे वाचले तरी चालेल. जास्त तपशील दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ड्रायसूटची चेन आणि जॅकेटची चेन यांत फरक काय?

जॅकेटच्या चेनने दोन कडा एकत्र धरल्या की तिचे काम झाले. ड्रायसूटच्या चेनला त्या कडांमधून पाणी आणि हवा दोन्ही अडवायची असतात. धातूच्या चेनमध्ये रबराचा थर दिलेली कापडी पट्टी असते आणि तिच्या काठावर पितळेसारख्या मिश्रधातूचे दात आवळून बसवलेले असतात. रनर, म्हणजे ओढायचा सरकता भाग, पुढे सरकला की हे दात पट्टीच्या दोन रबरी कडा एकमेकींवर दाबून धरतात. म्हणजे पाणी रबर अडवते, धातू फक्त दाब देतो. प्लास्टिकच्या चेनमध्ये पट्टीवर पॉलियुरेथेनचा थर असतो, दात साच्यात घडवलेले असतात आणि सील करणाऱ्या कडा मऊ प्लास्टिकच्या असतात.

टिकाऊपणाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, ही चेन दोन्ही टोकांना कायमची बंद असते, जॅकेटसारखी सुटी होत नाही. त्यामुळे उघडलेली चेन म्हणजे सूटमध्ये पडलेली एक लांब चीर, आणि चिरेच्या टोकांवर सगळा ताण गोळा होतो. दोन, पट्टी ताणली जात नाही. सूटचे कापड किंवा न्यूओप्रीन (फेसाळ, ताणणारे रबर) शरीराबरोबर हलते, चेन आपल्या लांबीला चिकटून राहते.

2. चेन कुठेकुठे बसवतात?

आज दोनच जागा सर्रास दिसतात. पहिली पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांवरून आडवी, एका काखेच्या मागून दुसऱ्या काखेच्या मागेपर्यंत. हिची लांबी साधारण 30 इंचांच्या आसपास असते आणि ती बंद करायला सोबती लागतो. दुसरी समोर तिरकी, एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे उतरणारी. ती काही इंच जास्त लांब असते आणि ती स्वतःची स्वतः लावता येते.

जुन्या किंवा खास सूटमध्ये आणखी प्रकार भेटतात: छातीवरून मानेमागे जाऊन पुन्हा छातीवर येणारी, समोर सरळ उभी, आणि जांघेखालून जाणारी. शेवटचा प्रकार स्वीडनच्या पोसायडन कंपनीच्या युनिसूटमुळे 1960 च्या दशकात प्रसिद्ध झाला. त्या न्यूओप्रीनच्या सूटची चेन पाठीवरून निघून दोन पायांमधून छातीपर्यंत येई. याशिवाय लघवीसाठी पुढे बसवलेली छोटी चेन असते, तिच्याबद्दल प्रश्न 14 मध्ये.

3. आडवळणे नकोत. सर्वांत जास्त टिकणारी जागा कोणती?

निगा सारखीच असेल तर पाठीवरची आडवी.

पण निगा सारखी नसते. पाठीवरची चेन तुम्हाला दिसत नाही आणि ती लावणारा हात तुमचा नसतो. दर वेळी नवा सोबती, त्याला चेनची सवय नाही, बोट निघायची घाई, आणि रनर तिरका ओढला जातो. अशा वापरात समोरची तिरकी चेन जास्त वर्षे चालते, कारण तिच्यात अडकलेला धागा तुम्हाला दिसतो आणि रनर जड झाला की हाताला लगेच कळतो. सोबती ठरलेला आणि जाणता असेल तर पाठीवरची घ्या. नसेल तर समोरची घ्या आणि बसताना, घडी घालताना दुप्पट काळजी घ्या.

4. चेन “गेली” म्हणजे नेमके काय होते?

चार गोष्टी होतात आणि चारही जागेशी जोडलेल्या आहेत.

मोड: चेन एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा दुमडली की त्या ठिकाणचे दात पट्टीवर सैल होतात, खालच्या रबरात बारीक भेगा पडतात आणि एक दिवस दात निखळतो. प्लास्टिकच्या चेनमध्ये त्या जागी सील करणाऱ्या कडेला कायमची वळी पडते.

आडवा ताण: बंद चेनच्या दोन बाजू एकमेकींपासून ओढल्या जाणे. लांबीच्या दिशेने चेन बराच ताण सोसते, कारण तो पट्टीच्या कापडावर जातो. आडवा ताण मात्र थेट दातांवर येतो.

टोक फाटणे: चेन पूर्ण न उघडता खांदे किंवा नितंब त्यातून ढकलले की चीर टोकापाशी फाकते. दुरुस्तीला येणाऱ्या सूटमध्ये टोकालगतचे शेवटचे दोन-तीन दात गेलेले असणे हे नेहमीचेच चित्र आहे.

घाण: वाळू, मिठाचे स्फटिक, आतल्या उबदार कपड्याचे धागे. धातूवर हिरवट थर चढतो, रनर जड होतो, मग माणूस जोर लावतो आणि वरच्या तिन्ही गोष्टींना निमंत्रण मिळते.

यातले बहुतेक नुकसान पाण्याबाहेर होते, म्हणजे सूट घालताना, काढताना, तो घालून बसताना आणि बॅगेत कोंबताना. पाण्यात चेन त्या मानाने आरामात असते.

5. पाठीवरच्या चेनची दुबळी जागा कोणती?

दोन्ही टोके. हात पुढे घेतले की पाठ रुंदावते. चेन त्याच दिशेने आडवी असल्याने हा ताण तिच्या लांबीत जातो, आणि या जागेची ताकद हीच आहे. पण हात वर उचलले की काखेमागची टोके वाकतात. सिलिंडरचा व्हॉल्व्ह मागे हात नेऊन बंद करण्याचा सराव करणाऱ्यांच्या सूटमध्ये हे वाकणे दर डुबकीला अनेकदा होते. म्हणून टोकांवर सूटच्याच कापडाचे मजबुतीचे ठिगळ आहे का, आणि ते चेनच्या शेवटापुढे निदान दोन-तीन सेंमी जाते का, हे पाहावे.

दुसरी अडचण धडाच्या उंचीची. सूटचे धड आखूड असेल तर पुढे वाकताना जांघेपासून मानेपर्यंत पाठ ओढली जाते, आणि तो ताण चेनला आडवा, म्हणजे चुकीच्या दिशेने, बसतो. पाठीवरची चेन मधोमध कमानीसारखी ताणलेली दिसली तर बहुधा सूटचे माप चुकलेले आहे.

6. आणि समोरच्या तिरक्या चेनची?

कमरेची रेषा. माणूस बसतो तेव्हा धडाची पुढची बाजू कित्येक सेंमी आखूड होते आणि ती जास्तीची लांबी पोटावर घडी होऊन जमते. तिरकी चेन ही घडी ओलांडून जाते. त्यामुळे तिच्या खालच्या तिसऱ्या हिस्स्यात, दर वेळी जवळपास त्याच दातांवर, मोड येतो. चेन बंद करून बोटीच्या काठावर तासभर वाकून बसणे हे तिच्यासाठी डुबकीपेक्षा जास्त महाग पडते.

काही उत्पादक धड मुद्दाम लांब शिवतात. सूट चढवताना ती लांबी उपयोगी पडते, नंतर ती कमरेवर दुमडून जांघेखालच्या पट्ट्याने खाली धरतात. या रचनेत ठरलेली घडी चेनच्या टोकाखाली पडते, म्हणून चेन बरीच वाचते. पण पट्टा लावला तरच. पट्टा न लावता सूट वापरला तर घडी वर सरकून नेमकी चेनवर येते.

तिसरा मुद्दा वरच्या टोकाचा. खांद्यावरचे टोक हार्नेसच्या (सिलिंडर अंगाला बांधणाऱ्या साजाच्या) पट्ट्याखाली येते का, ते प्रश्न 11 मध्ये पाहा.

7. मानेभोवती फिरणारी किंवा जांघेखालून जाणारी चेन घ्यावी का?

नव्या सूटसाठी नाही. चेन जितकी वळवून बसवावी, तितकी वळणाच्या आतल्या बाजूला पट्टी गोळा होते आणि बाहेरच्या बाजूला ताणते. दात जन्मापासूनच तिरके दाब सोसत असतात. मानेमागच्या वळणावर हे स्पष्ट दिसते. जांघेखालच्या चेनला चालताना घर्षण, बसताना मोड आणि किनाऱ्यावर वाळू असा तिहेरी मार आहे. मऊ, जाड न्यूओप्रीनमध्ये ती काही काळ निभावते. असा जुना सूट हाताशी असेल तर वापरा, पण वळणाची जागा दर महिन्याला भिंगाखाली तपासा.

8. जास्त खोल गेल्यावर चेनवर जास्त दाब येतो का?

नाही, म्हणजे लोकांना वाटते तसा नाही. 30 मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागापेक्षा 3 बार जास्त असतो, पण तुम्ही सूटमध्ये हवा भरत असता, त्यामुळे आतला दाबही तेवढाच वाढतो. चेनला जाणवतो तो फक्त आत-बाहेरचा फरक. तो खोलीवर अवलंबून नसतो, सूटमधल्या हवेची पातळी आणि चेनची पातळी यांतल्या उभ्या अंतरावर असतो. 1 सेंमी पाणी म्हणजे सुमारे 1 मिलिबार. आडवे पोहताना आतल्या उबदार पोशाखासह शरीराची जाडी 25 ते 30 सेंमी धरली, तर फरक 25 ते 30 मिलिबार भरतो. पाण्यात उभे राहिल्यावर खांदा आणि घोटा यांच्यात तो यापेक्षा कित्येक पट होतो.

खोलीचा अप्रत्यक्ष परिणाम मात्र होतो. हवा कमी भरली तर सूट अंगावर आवळतो, कापडाला कडक चुण्या पडतात आणि चेनही त्या चुणीत ओढली जाते. त्यामुळे पिळवटून निघेपर्यंत हवा न भरणे चेनलाही चांगले नाही.

9. पाठीवरची चेन गळली तर नुसते बुडबुडे दिसतात, समोरची गळली की छाती ओली. असे का?

आडवे पोहताना सूटमधली हवा वरच्या बाजूला, म्हणजे पाठीवर जमते. तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून पाठीवरच्या चेनमधून आधी हवा बाहेर जाते. छातीकडे उलट आहे: बाहेरचा दाब किंचित जास्त, म्हणून पाणी आत येते. (हिशेब प्रश्न 8 मध्ये.)

यामुळे फसगत होते. पाठीवरच्या चेनची छोटी गळती महिनोन्‌महिने कळत नाही, कारण अंग कोरडे राहते. मग कधीतरी डोके वर करून पृष्ठभागावर तरंगताना किंवा पाठीवर झोपून पोहताना अचानक पाठ भिजते. सोबत्याला “माझ्या खांद्यांमागून बुडबुडे येतात का?” असे अधूनमधून बघायला सांगावे. ही फुकटची तपासणी आहे.

10. धातूची घ्यावी की प्लास्टिकची? जागेप्रमाणे बदलते का?

बदलते. धातूची जाड चेन वाकायला नाखूश असते, म्हणून ती सपाट आणि सरळ जागेला, म्हणजे पाठीला, शोभते. तिथे ती दणकट आहे आणि तिच्यावरून पट्टे गेले तरी दात चेपत नाहीत. समोर तिरकी बसवली की तिचा ताठपणा अडचण होतो: बसताना ती पोटात टोचते आणि कमरेवर मोडते. समोरच्या जागेसाठी प्लास्टिकची लवचीक चेन किंवा धातूची हलकी, लवचीक जात बरी.

प्लास्टिकला मोड कमी बाधतो, पण तिच्या बंद टोकाची, म्हणजे चेन लावल्यावर रनर जिथे जाऊन थांबतो तिथली, खोबणी नाजूक असते. रनर तिथे शेवटपर्यंत दाबून बसवावा लागतो. तीन-चार मिलिमीटर अलीकडे थांबला तरी गळती होते. दिसायला बंद आणि प्रत्यक्षात उघडी अशी चेन हे नव्या प्लास्टिक चेनबद्दलच्या तक्रारींचे सर्वांत साधे कारण आहे. पाठीवर प्लास्टिकची चेन असेल तर रनर खोबणीत बसला की नाही हे तुम्हाला स्वतःला कळत नाही. सोबत्याने बोटाने चाचपून सांगायला हवे.

11. हार्नेसचे पट्टे चेनवरून गेले तर?

पाठीवरच्या चेनला ते दोन ठिकाणी ओलांडतातच. पट्टा सपाट पडला तर चिंता नाही. पट्ट्यावरचा धातूचा ठोकळा किंवा डी-आकाराची कडी दातांवर बसली, तर सिलिंडरचे सगळे वजन पाण्याबाहेर त्या एका बिंदूवर येते. कडी दोन बोटे वर किंवा खाली सरकवली की प्रश्न मिटतो.

समोरच्या चेनसाठी हार्नेस घालून आरशासमोर उभे राहा आणि तीन जागा बघा: खांद्यावरचे टोक, छातीवरचा आडवा पट्टा आणि कमरेचे बक्कल. बक्कल रनरवर आले तर रनर खोबणीतून मागे ढकलला जाऊ शकतो. वरून संरक्षक कापडी पट्टी आणि तिला साधी चेन असलेले सूट यासाठीच असतात. ती बाहेरची चेन पाणी अडवत नाही, ठोकर आणि वाळू अडवते. ती तुटली तर लाज न बाळगता बदलून घ्या. आतल्या चेनच्या मानाने ती किरकोळ गोष्ट आहे.

12. सूट घालताना आणि चेन लावताना काय क्रम ठेवावा?

आधी चेन शेवटपर्यंत उघडा. “जवळपास पूर्ण” नव्हे. मग पाय, मग हात, शेवटी डोके. अंग आत ढकलताना चेनच्या टोकाला धरून ओढू नका, कापड धरा.

पाठीवरच्या चेनसाठी: तुम्ही ताठ उभे राहा, हात बाजूला सैल, खांदे किंचित मागे. हात पुढे जोडून उभे राहिलात तर पाठ ताणते आणि दोन कडा समोरासमोर येत नाहीत. सोबत्याने एका हाताने चेनचे सुरुवातीचे टोक धरून पट्टी सरळ ताणायची, दुसऱ्या हाताने रनर चेनच्याच रेषेत ओढायचा. बाहेरच्या बाजूला नाही, वर नाही. रनरच्या पुढे बोट फिरवून आतल्या पोशाखाचे कापड आत दाबत जायचे. अडकले तर जोर न लावता चार-पाच सेंमी मागे यायचे आणि पुन्हा पुढे जायचे.

समोरच्या चेनसाठी: उभ्यानेच लावा, बसून कधीही नाही. एका हाताने खालचे कापड खाली ओढून चेन सरळ करा, दुसऱ्याने रनर. कमरेच्या वळणापाशी पोट आत घेतले की कडा जुळतात. शेवटी रनर खोबणीत दाबा आणि अंगठ्याने चाचपून खात्री करा.

एक सवय लावून घ्यावी: चेन डुबकीच्या आधी लावायची आणि वर आल्यावर लगेच उघडायची. बंद चेनसह जेवढा वेळ बसाल तेवढे मोड वाढतात.

13. जागेप्रमाणे घडी कशी घालायची?

पाठीवरची चेन असेल तर सूट स्वच्छ जमिनीवर पाठ वर करून पसरा. बुटांपासून सुरू करून खांद्यांकडे सैल गुंडाळत या आणि चेनच्या अलीकडे थांबा. चेन सगळ्यात वर, सपाट राहते. मग बाह्या तिच्यावरून न वाकवता बाजूंनी आत घ्या.

तिरक्या चेनला गुंडाळी मानवत नाही, कारण ती धडभर पसरलेली असते. पाय कमरेपर्यंत गुंडाळा आणि धड एकाच मोठ्या, गोल वळणाने त्यावर आणा. वळणात आतला उबदार पोशाख ठेवला की मोड तीक्ष्ण होत नाही. धड मधोमध दुमडून वर वजनाचा पट्टा ठेवणे म्हणजे चेन मोडायची खात्री.

लांब मुक्कामासाठी धातूची चेन धुऊन, कोरडी करून, मेण लावून, उघडी आणि सरळ ठेवण्याची रीत आहे. प्लास्टिकसाठी उत्पादकाची सूचना पाळा. टांगायचा असेल तर सूट जाड दांडीवर टाका, आणि दांडी चेनखाली येऊ देऊ नका.

14. लघवीची छोटी चेन का लवकर जाते?

ती लहान असते, बहुधा किंचित वळवून बसवलेली असते आणि शरीर जिथे सर्वांत जास्त दुमडते तिथे असते. चालणे, बसणे, पायऱ्या चढणे, बोटीची शिडी, सगळीकडे ती वाकते. लांब चेनला तोच मोड जास्त दातांत वाटून घेता येतो, हिला येत नाही. शिवाय ही चेन घाईत, न बघता उघडली जाते.

लांब डुबक्या मारणारे म्हणून लघवी सूटबाहेर नेणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह पसंत करतात. त्याची स्वतःची निगा असते, पण तो वाकून तुटत नाही. छोटी चेन हवीच असेल तर प्लास्टिकची, सरळ आडवी बसवलेली घ्या, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी रनर खोबणीत आहे हे सोबत्याला डोळ्यांनी बघू द्या.

15. न्यूओप्रीन आणि पातळ कापडी सूट यांत जागेचा परिणाम वेगळा असतो का?

हो. न्यूओप्रीन ताणते, चेन ताणत नाही. म्हणून चेनच्या टोकांपुढे जिथे ताणणारे आणि न ताणणारे भेटतात, तिथे चिकटवणी उचलली जाते. पाठीवरच्या चेनच्या टोकांना हे आधी दिसते. पातळ तीन-थरी कापड ताणत नाही. त्यात हालचालीसाठी ढिलाई ठेवलेली असते आणि ती ढिलाई चुण्या होऊन बसते. समोरची चेन या चुण्यांच्या वाटेत असते. रबरी सूट या दोघांच्या मध्ये आहेत आणि त्यांत पाठीवरची चेनच रुळलेली आहे.

16. विकत घेताना दुकानात काय करून बघावे?

जाडातला जाड आतला पोशाख घालून, चेन पूर्ण बंद करून, चार हालचाली करा: दोन्ही हात डोक्यामागे, स्वतःला मिठी, पूर्ण उकिडवे बसणे, आणि एक गुडघा टेकून बुटाला हात लावणे. सोबत्याला चेनकडे बघायला सांगा. चेन कुठेही टोकदार कोनात मोडली, किंवा मधे ताणून सरळ फळीसारखी झाली, तर माप बदला. चेनची जागा चांगली आणि माप वाईट यापेक्षा उलटे परवडते.

17. मेण की सिलिकॉन?

धातूला मेण: पॅराफिनची किंवा मधमाशीच्या मेणाची कांडी बंद चेनच्या बाहेरच्या दातांवर घासा, मग चेन दोन-तीनदा उघडझाप करा. सिलिकॉनचा फवारा नको. तो वाळू धरून ठेवतो, आणि पट्टीवर पसरलेले सिलिकॉन पुढे चेन बदलताना चिकटवणीला बसू देत नाही. प्लास्टिकला मेण नको, तिच्यासाठी दिलेले ग्रीस मटारच्या दाण्याएवढे, बंद टोकाच्या खोबणीत. पाठीवरच्या चेनचे बंद टोक हमखास विसरले जाते, कारण ते काखेमागे दडलेले असते.

18. गळती चेनचीच आहे हे कसे ओळखू?

मनगटाच्या सीलमध्ये (पाणी अडवणाऱ्या घट्ट कडेत) योग्य मापाच्या बाटल्या आणि मानेच्या सीलमध्ये चेंडू बसवा. हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. चेन लावून सूट हलका फुगवा. उशीइतका मऊ पुरे, ढोल नको. लिटरभर पाण्यात चमचाभर भांड्यांचे द्रव साबण मिसळून चेनवर, टोकांवर आणि पट्टीच्या चिकटवणीवर फवारा. फेस येईल तिथे खडूने खूण करा.

मग चेन जिथे अंगावर वाकते तिथे हाताने हळूच वाकवून पुन्हा बघा. सरळ असताना कोरडी आणि वाकल्यावर गळणारी चेन सपाट टेबलावरच्या तपासणीत सुटते. समोरच्या चेनमध्ये कमरेची जागा आणि पाठीवरच्या चेनमध्ये शेवटचे चार बोटे अंतर अशी तपासणी मागतात.

बुडबुडा एका दातापाशी असेल तर दात किंवा खालचे रबर गेले आहे. फक्त बंद टोकाला असेल तर आधी रनर नीट बसवून ग्रीस लावा, अर्ध्या वेळा तेवढ्याने भागते. रेषेत, पट्टीच्या कडेने असेल तर चिकटवणी सुटली आहे आणि चेन बहुधा ठीक आहे.

19. एक दात तुटला. चालवून घेता येईल का?

ठरलेल्या डुबक्यांपुरते मेण भरून, उथळ पाण्यात, कोमट हवामानात काही जण चालवतात. थंड पाण्यात नको: ओला पोशाख उब देत नाही आणि सूट पाण्याने जड होतो. एक दात गेला की शेजारच्यांवर त्याचा भार जातो, म्हणून दुसरा फार वाट बघत नाही. दात परत बसवून ती जागा भरवशाची होत नाही. चेन बदलावी लागते. पट्टीला टाचणीएवढे भोक असेल तर मात्र पॉलियुरेथेनचा चिकट लेप चालतो, दातांपासून दूर राखून.

20. चेन बदलतानाच पाठीवरची समोर आणता येईल का?

कारागीर ते करू शकतो, पण क्वचितच फायद्याचे ठरते. पाठीवरची चीर बुजवायला मोठे ठिगळ लागते, आणि ते नेमके पाठीच्या सर्वांत ताणाच्या पट्ट्यावर येते. समोर नवी तिरकी चीर पाडली की हवा भरण्याचा व्हॉल्व्ह तिच्या वाटेत येतो का ते बघावे लागते. सगळ्यात मोठी अडचण धडाच्या लांबीची: समोरच्या चेनसाठी कापलेल्या सूटला जास्त लांब धड असते, पाठीवरच्या सूटला नसते. आखूड धडात तिरकी चेन बसवली तर ती आडव्या ताणाखालीच जगते (प्रश्न 4). त्याच जागी नवी चेन बसवा, आणि खांद्याला दुखापत वगैरे कारणाने जागा बदलायचीच असेल तर सूट बदला.

21. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात शिरणाऱ्यांसाठी नियम उलटतो का?

काही प्रमाणात. अरुंद जागेत तळावरून सरपटणाऱ्याची छाती घासते, म्हणून समोरची उघडी चेन धोक्यात असते. सिलिंडर पाठीवर असतील तर ते मागच्या चेनचे छप्पर होतात. पण सिलिंडर बाजूंना लावून जाणाऱ्यांची पाठ मोकळी असते आणि छताला तीच आधी लागते. शिवाय बाजूच्या सिलिंडरची लवचीक दोरी काखेजवळून जाते आणि पाठीवरच्या चेनच्या टोकावर घासते. अशांनी समोरची चेन, वर जाड कापडी झाकण, असे घेणे बरे.

22. गोठणबिंदूखालच्या हवेत चेन उघडत नाही. जोर लावू का?

नाही. डुबकीनंतर दातांमधले पाणी काही मिनिटांत गोठते, आणि बर्फाने धरलेला रनर ओढला तर दात त्याच्याबरोबर येतात. कोमट पाणी ओता, उकळते नको. समोरच्या चेनवर हे तुम्ही स्वतः करू शकता. पाठीवरची चेन असेल तर सोबत्याला आधीच सांगून ठेवा आणि कोमट पाण्याचा थर्मास बोटीवर हाताशी असू द्या. उतरण्यापूर्वी दात कोरडे करून मेण लावले असेल तर बर्फाला धरायला कमी जागा मिळते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला, सुमारे उणे 1.9 अंश सेल्सियसला गोठते, त्यामुळे हा त्रास बर्फाळ तळ्यांत आधी आणि जास्त होतो.